सुपडू नानांची उरलेली केस

आमच्या शेजारच्या सुपडू नानांशी कुणाचीही ओळख करून द्या, नमस्कार पुरता व्हायच्या आत त्यांचा प्रश्न येतो, "धाकटं केवढं?" समोरचा माणूस लग्न झालेला दिसला म्हणजे झालं. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला ते विचारतात, बँकेच्या मॅनेजरला विचारतात. एकदा मतं मागायला दारात आलेल्या उमेदवारालाही विचारलं होतं. तो हात जोडून विकासावर बोलायच्या बेतात होता. गांगरून म्हणाला, "दीड वर्षाचं." नाना म्हणाले, "मग आता तीन वर्षं काही करू नका." मागे उभे असलेले कार्यकर्ते पुढचा अर्धा तास हा सल्ला कोणत्या पक्षाचा याचा विचार करत असावेत.

नाना आरोग्य खात्यात होते. जामनेर तालुक्यात, पहूरच्या आसपासच्या खेड्यांत त्यांची सगळी नोकरी सायकलवर गेली. तापाच्या रुग्णांचं रक्त काचेवर घ्यायचं, विहिरीत पावडर टाकायची, पोरांना डोस पाजायचे, ही कामं होतीच. पण त्यांचं नाव झालं ते कुटुंब नियोजनात. ऑपरेशनला तयार झालेल्या बाईला त्या जगात 'केस' म्हणत, आणि केस आणण्यात नानांचा हात धरणारं कुणी नव्हतं असं नानाही सांगतात आणि त्यांच्याबरोबरचे लोकही सांगतात. जिवंत माणसाच्या कर्तृत्वाबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत मी फार क्वचित पाहिलं आहे.

या कामावर त्यांची श्रद्धा होती, आणि तिचं कारण त्यांच्या नावातच आहे. आमच्याकडे आधीची मुलं दगावली की पुढचं मूल जन्मल्याबरोबर सुपात घालतात आणि त्याचं नाव सुपडू ठेवतात. नानांच्या आधी चार गेली होती. नंतरही काही झाली, काही गेली. "मी आईले कधी मोकळ्या अंगानं चालताना पाहिलं नही," असं ते एकदा म्हणाले होते. एवढंच म्हणाले आणि लगेच माझ्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही याकडे वळले.

समजूत घालण्याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. पहिल्या फेरीत विषय काढायचा नाही. कपाशीवर काय पडलंय, केळीला पाणी पुरतं का, एवढंच बोलून उठायचं. दुसऱ्या फेरीत फक्त धाकटं केवढं ते विचारायचं. तिसऱ्या फेरीत घरातलीच बाई विषय काढते. "कोनी नही म्हनत नही, सर," असं ते मला सांगतात. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो, त्यामुळे धुळ्याच्या या सगळ्या देवपुरात मी सर आहे. "त्याच्याजवळ हो असतोच. कुठे ठेवलाय ते त्याले सापडत नही. आपण शोधून द्यायचा." लोकशाहीबद्दल मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. इतकं मोजकं त्यांत कुठे नव्हतं.

निवृत्तीनंतरही त्यांच्या खांद्याला रेक्झिनची जुनी पिशवी असते. तिच्यात एक नोंदवही, दोन पेनं आणि जांभळ्या शाईचं स्टॅम्प पॅड. पॅड सुकू नये म्हणून ते अधूनमधून त्यावर पाण्याचे थेंब सोडतात. अंगठा कसा घ्यावा हे त्यांनी मला माझ्याच अंगठ्यावर दाखवलं आहे. डावीकडून उजवीकडे, एकदाच, न दाबता. मी विचारलं, "ज्यांना सही येते त्यांचं काय?" नाना म्हणाले, "बाई असली तर मी अंगठाच घ्यायचो. एकेक अक्षर काढत बसतात. तोवर कॅम्पला नेणारी जीप निघून जाते." मी हसलो. तेव्हा ते मला विनोदीच वाटलं होतं.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, धुळ्याजवळच्याच एका खेड्यातल्या. म्हणून निवृत्तीनंतर दोघांनी इकडे घर घेतलं. अक्कांना बोलता येत नाही की काय अशी कॉलनीत एक शंका आहे. तसं काही नाही. समोरच्याचं संपलं की बोलायचं, असा त्यांचा नियम आहे, आणि आमच्या कॉलनीत कुणाचं संपत नाही. दोन मुली आहेत. एक नाशिकला, एक बंगळूरला. दोघींचे फोन रविवारी येतात. फोनवर नाना बोलतात, अक्का ऐकतात.

तर या घरात मांजरं आली.

होळी झाली की धुळ्यात प्रत्येक घरातला कूलर अंगणात निघतो आणि त्याचं जुनं गवत बदलतात. अक्कांनी मागच्या व्हरांड्यातल्या कूलरचं गवत ओढलं, तर आतल्या कोरड्या टाकीत दोन पिल्लं. डोळे नुकते उघडलेले. त्यांच्या आईची दोन दिवस वाट पाहिली, ती आलीच नाही. अक्कांनी औषधाच्या ड्रॉपरने दूध पाजून दोघींना जगवलं. एक राखाडी, ती भुरी. दुसरी ठिपक्याठिपक्यांची, ती ठकी. गल्लीत कुत्री फार, म्हणून मागच्या व्हरांड्याला आधीपासून असलेली लोखंडी जाळी खालपर्यंत नेली, तिच्या दाराला नवी कडी लावली आणि दोघी घरातच वाढल्या. त्यांना बाहेरचं जग माहीत होतं ते चौकोनाचौकोनातून.

अक्का त्यांच्याशी बोलायच्या. हे मी स्वतः ऐकलं आहे. भाजी निवडता निवडता, हळू आवाजात, पुष्कळ बोलायच्या.

पोरी पाच-सहा महिन्यांच्या झाल्या तेव्हा नाना त्यांना टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात लस द्यायला घेऊन गेले. मी बरोबर होतो. डॉक्टर मॅडम वयानं त्यांच्या नातीएवढ्या. लस झाल्यावर त्या म्हणाल्या, घरातच ठेवणार असाल तर आत्ताच दोघींचं ऑपरेशन करून घ्या, पहिल्यांदा माजावर यायच्या आत केलेलं चांगलं. नाना खुर्चीवर सरसावून बसले. हा त्यांचा प्रांत होता. टाक्याचं की बिनटाक्याचं, भूल कोणती, उपाशी किती तास ठेवायचं, पट्टी कधी काढायची, सगळं त्यांनी विचारलं. मॅडमनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?" नाना म्हणाले, "नही. मी आणायचो."

मग मॅडमनी संमतीपत्र पुढे केलं. नानांनी ते दोनदा वाचलं.

"इथे कुणाची संमती?"

"मालकाची. तुमची सही."

"आणि हिची?" त्यांनी टोपलीकडे बोट केलं.

मॅडम हसल्या. मीही हसलो. नाना हसले नाहीत. विचार करून सांगतो म्हणाले आणि टोपली उचलून बाहेर पडले. ज्या माणसाने तालुकाभर अंगठे गोळा केले, तो एका सहीसाठी अडला होता.

पुढे दोन महिने नाना विचार करत राहिले. म्हणजे लोकांना विचारत राहिले. दूधवाल्याला विचारलं, अक्कांच्या भावाला फोन केला, मला तर रोज. नोंदवहीत नवं पान उघडलं. भुरी आणि ठकी यांच्या नावांपुढे तीन रकाने आखले. समजूत पटली, पटली नाही, विचार करतो. खूण तिसऱ्या रकान्यात, आणि ती मांजरांची नव्हती. मी म्हटलं, "अहो नाना, मांजरं आहेत ती." ते म्हणाले, "म्हणून तर. तिले बोलता येत नही. बोलता न येणाऱ्याचा हो कुठून शोधायचा?" एवढ्या लोकांना विचारलं, पण एकीला विचारलं नव्हतं. ती आत ताटात तांदूळ निवडत बसलेली असायची.

मांजरं नानांसाठी थांबली नाहीत. दोघी एकापाठोपाठ माजावर आल्या आणि असा काही आवाज लावला की समोरचे लोक चौकशीला आले. दुसऱ्याच दिवशी कंपाउंडच्या भिंतीवर एक दांडगा पांढरा बोका येऊन बसला. एक कान फाटका, मान वळवायची ती सावकाश, आणि बसल्या जागेवरून सगळ्या गल्लीची पाहणी करायचा. कॉलनीने त्याचं नाव सरपंच ठेवलं. नाना दुपारभर व्हरांड्यात काठी घेऊन बसत. सरपंच त्यांच्याकडे बघे, ते सरपंचाकडे. मी एकदा डोकावलो तेव्हा नाना त्याला गंभीरपणे विचारत होते, "तुमचं धाकटं केवढं?"

याच सुमारास आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने नानांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि पारदर्शक प्लास्टिकचं सन्मानचिन्ह, त्यावर 'आरोग्यदूत'. अध्यक्ष बराच वेळ स्वतःच्या नोकरीबद्दल बोलले आणि शेवटी नानांचा उल्लेख राहू नये म्हणून त्यांनी नानांचा उल्लेख केला. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. अशा समारंभांत मी फार कंटाळलेलो असतो, आणि कंटाळलेल्या माणसाला विनोद सुचतात. मी म्हणालो, ज्यांनी अख्ख्या तालुक्यातल्या बायकांचे हो शोधून दिले, त्यांना घरातल्या दोघींचा हो अजून सापडत नाही. नाना, एवढं एक टार्गेट तेवढं पूर्ण करा.

हशा झाला. टाळ्याही मिळाल्या. इतकं चांगलं भाषण माझं आधी कधी झालं नव्हतं. दुसऱ्या रांगेत अक्का बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि खाली पाहिलं. ते मला दिसलं, पण टाळ्या चालू होत्या.

तीन दिवस नाना रोजच्यासारखे माझ्याकडचा पेपर न्यायला आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी आले आणि पेपर न उचलता बसले.

"तुमचं बोलणं खरं आहे, सर."

मी म्हटलं, "नाना, गंमत होती ती."

"गंमतच. पण आमची ही समोर बसली होती."

मग त्यांनी सांगितलं. ते फेऱ्या मारून मारून बोलणारे गृहस्थ, पण ही गोष्ट त्यांनी एकाच फेरीत सांगितली. मार्चचा शेवटचा आठवडा होता. त्यांना एक केस कमी पडत होती. वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर असलेला माणूस, आणि एक कमी. धाकटी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. संध्याकाळी घरी गेले, अक्का चुलीपुढे भाकरी थापत होत्या. नानांनी सांगितलं, उद्या जामनेरला कॅम्प आहे, तयार राहा. अक्का काही बोलल्या नाहीत. थापत राहिल्या.

"मी म्हटलं, पटली." नाना माझ्याकडे न बघता बोलत होते. "लोकायच्या घरी मी तीन-तीन फेऱ्या मारायचो, सर. माझ्या घरी एकबी नही मारली."

ऑपरेशननंतर चार-पाच दिवसांनी, उठून बसता आल्यावर, अक्कांनी फक्त एक गोष्ट विचारली होती. पोरींची झबली-टोपडी पेटीत ठेवली आहेत, ती ठेवू की कुणाला देऊन टाकू? नाना म्हणाले होते, देऊन टाक. तेव्हा त्यांना कळलं की झबली जपून ठेवली होती. घरचे पुढे म्हणत राहिले की तिला मुलगा हवा होता. मुलगाच हवा असं काही नव्हतं. तिला अजून एक हवं होतं.

मी माफी मागायला हवी होती. मी चहा मागवला. मला शब्दांची कमतरता कधी पडत नाही अशी माझी समजूत होती, तिचा निकाल त्या सकाळी लागला.

त्याच दिवशी दुपारी भुरी नाहीशी झाली. जाळीच्या दाराची कडी निघालेली होती. नाना दोन दिवस स्टीलची वाटी चमच्याने वाजवत पांझरा नदीच्या काठापर्यंत हिंडले. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन परतली, दमलेली, एका कानावर माती. सरपंचाने त्यानंतर भिंतीवर येणं बंद केलं, कार्यकाळ संपल्यासारखं.

थोड्याच दिवसांत भुरीचं पोट दिसायला लागलं. नानांनी नोंदवहीत लिहिलं, 'भुरी, पहिलटकरीण.' तिला कॅल्शियमचं औषध सुरू केलं, वजन करायला भाजीचा काटा आणला. पण अक्कांमध्ये झालेला बदल मी विसरणार नाही. त्या गाणं म्हणत होत्या. कामाच्या नादात, अर्धवट, पण म्हणत होत्या. उन्हाळा केव्हाच सरला होता. नानांना न सांगता त्यांनी कूलरची टाकी पुसून कोरडी केली आणि आत जुन्या सुती पातळाच्या घड्या अंथरल्या. मला दाखवल्या. म्हणाल्या, "आठेच व्हयेल शे ना ती." इथेच जन्मली ना ती, म्हणून.

भुरी सकाळी कळा द्यायला लागली आणि दुपार झाली तरी काही होईना. मी गाडी काढली. अक्का मागे टोपली मांडीवर घेऊन बसल्या, हात टोपलीच्या आत. मॅडमनी तपासलं आणि लगेच आत नेलं. अंग लहान होतं, पहिलं पिल्लू अडकलं होतं. तीन पिल्लं निघाली. एकही जिवंत नव्हतं. भुरी वाचली, पण पिशवी काढावी लागली. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "आधीच केलं असतं तर..." आणि अक्कांकडे बघून वाक्य तिथेच सोडलं.

भुरी घरी आली. पोटाला पट्टी, गळ्यात फडक्याचा पट्टा. उठता यायला लागल्याबरोबर ती कूलरपाशी गेली. टाकीत वाकून हुंगायची, घशातल्या घशात एक बारीक आवाज काढायची, थांबून ऐकायची, पुन्हा काढायची. आठवडाभर हे चाललं. ठकी मागे बसून नुसती बघायची. अक्कांनी पातळाच्या घड्या काढल्या, धुतल्या, वाळत घातल्या. गाणं पुन्हा ऐकू आलं नाही.

पंधरा दिवसांनी दोघं माझ्या दारात आली. टोपलीत ठकी होती. नाना म्हणाले, "सर, गाडी काढता का?"

दवाखान्यात मॅडमनी तोच कागद पुढे ठेवला. नानांनी तो घेतला, पेन काढलं, आणि दोन्ही अक्कांच्या मांडीवर ठेवलं.

"तू सांग. करायचं का नही."

अक्का गप्प. या गप्प बसण्याची गोष्ट मी ऐकलेली होती, त्यामुळे मला खुर्चीत बसणं कठीण झालं. मॅडम हातमोजे घालायच्या थांबल्या.

"बोलल्याशिवाय मी हो धरणार नही," नाना म्हणाले. "नही म्हटलं तरी चालेल. आपण घरी जाऊ."

अक्का ठकीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "कडी मी काढेल व्हती."

"मले माहीत आहे."

"सरनं भाषण व्हयनं, मंग माले वाटनं, एकदा तरी होऊ द्यावं तिले." त्या थांबल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. "पन तिले कोनी इचारेल नव्हतं. मी बी नही इचारं."

टोपलीतून ठकीने डोकं बाहेर काढून सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं.

"ठकीनं ऑपरेशन करी टाका," अक्का म्हणाल्या.

"करू?"

"हा. करा."

नानांनी मान हलवली. आणि मग, इतक्या वर्षांची सवय, दुसरं काही नाही, त्यांचा हात पिशवीत गेला आणि स्टॅम्प पॅड बाहेर आलं. झाकणही उघडलं गेलं. जांभळी शाई ओली होती.

अक्कांनी पॅडकडे पाहिलं, मग नानांकडे.

"माले सही येस," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "तवय बी येत व्हती."

नानांनी पॅडचं झाकण लावलं. ते पिशवीत ठेवून दिलं.

अक्का सही करायला लागल्या. चौथीपर्यंत शिकलेलं अक्षर, एकेक काना सावकाश, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आम्हीही नाही. मध्येच पंख्याच्या वाऱ्याने कागद उडायला लागला, तेव्हा नाना खुर्चीवरून उठले, अक्कांच्या पायाशी बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तो कागद धरून ठेवला, शेवटचं अक्षर होईपर्यंत.